डिकीतल्या डब्याची प्रतवारी

नीळकंठराव ग्रेडर होते आणि ती सवय सुटीच्या दिवशीही त्यांच्या अंगातून उतरत नसे. सरकारी कापूस खरेदी केंद्रावर शेतकऱ्यांच्या गाड्यांत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला कापूस ओढून काढायचा, चिमटीत धरून धाग्याची लांबी पाहायची, सरकी दाताखाली फोडून ओलावा जोखायचा आणि मग मोठ्यानं पुकारायचं: सुपर, फेअर, नाहीतर फरदड. सुपर म्हणजे उत्तम, फेअर म्हणजे चालेल, आणि फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर झाडावर उरलेला रद्दी माल. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होतं ते पाहायचं असेल, तर त्यांना आर्णीच्या बाजारात वांगी घेताना पाहावं. भाजीवाली हात जोडायची, पण टोपलीच्या तळाचं वांगं वर आल्याशिवाय हा गृहस्थ पिशवी उघडत नसे. स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्याबरोबर त्यांनी कुंदाताईंच्या शालूचा पदर चिमटीत धरून हलकेच ओढला आणि "सुपर" म्हणाले. कुंदाताई लाजल्या. बोलणं शालूबद्दल होतं हे त्यांना दोन वर्षांनी कळलं.

त्यांच्या सगळ्या पँटी काळ्या होत्या. कापसाचा धागा काळ्या मांडीवर ठेवला की त्याची लांबी नीट दिसते. लग्नकार्यालाही ते काळी पँट घालून जात आणि जेवताना पंगतीतल्या लोकांना उगाच वाटे, आता हे मांडीवर जिलबी ठेवून पाहतात की काय.

गेल्या दिवाळीत कुंदाताईंचा भाऊ सलील पुण्याहून आला तो दोन गाड्या घेऊन. एक त्याची नवी, आणि मागून ड्रायव्हरनं चालवत आणलेली त्याचीच जुनी मारुती. त्या जुन्या गाडीची किल्ली त्यानं भाच्याच्या, म्हणजे श्रेयसच्या हातावर ठेवली. श्रेयसला अठरा पूर्ण होऊन आठवडा झाला होता. त्या वाढदिवसाला नीळकंठरावांनी पोराला शर्टाचं कापड दिलं होतं. शुद्ध सुती, धागा नीट पारखून घेतलेलं. ते कपाटात घडी न मोडता पडलं होतं.

त्या दिवसापासून घरात मामाचं राज्य सुरू झालं. गाडी मामाची, तिच्यातला टेप मामाचा, सीटची कव्हरं मामाची. समोर चिकटवलेला इवलासा चिंतामणी गणपतीसुद्धा मामानंच वाट वाकडी करून कळंबहून घेतलेला. नीळकंठरावांना हे फार लागलं. पण मेहुण्यानं दिलेल्या गाडीचं वाईट वाटतं असं कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून ते पेट्रोलच्या भावावर बोलत.

मग जानेवारीत एका संध्याकाळी श्रेयस म्हणाला, "बाबा, डिकीत वूफर बसवायचा आहे. मामा म्हणाला, मी पुण्याहून पाठवून देतो."

"वूफर म्हणजे?"

"गाण्यातला खालचा आवाज असतो ना, ढोलाचा, तो ज्या डब्यातून निघतो तो."

नीळकंठरावांनी हातातला पेपर खाली ठेवला. "मामाला सांग, काही पाठवू नको. वूफर मी घेणार."

"तुम्ही?" श्रेयसच्या तोंडावर जी काळजी दिसली ती दहावीच्या निकालालाही दिसली नव्हती. "तुम्हाला त्यातलं काय कळते, बाबा?"

"नोकरीला लागलो तेव्हा मला कापूस तरी कुठं कळत होता?"

कुंदाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "घेऊ दे रे त्यांना. नाहीतर पुढचं वर्षभर पेट्रोलचा भाव ऐकावा लागेल."

खरी गोष्ट अशी होती की बावीस वर्षं नीळकंठरावांनी 'सुपर' हा शब्द दुसऱ्यांना वाटला होता, अलीकडे तर फार हात आखडून वाटला होता, आणि त्यांना स्वतःला तो आजवर कुणीही दिला नव्हता. पोराच्या गाडीत एक तरी वस्तू बापाच्या पसंतीची असावी आणि ती ऐकून पोरानं एकदा तो शब्द म्हणावा, एवढं त्यांना हवं होतं. बाकी त्या डब्यातून ढोल वाजो की शिट्टी वाजो.

त्या वर्षी कापसाचं काही खरं नव्हतं. खासगी व्यापारी भाव पाडून मागत, म्हणून सगळा तालुका केंद्राच्या दारात येऊन उभा राहिला होता, आणि केंद्र आठवड्यातले चार दिवस धड चालत नव्हतं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो यांची रांग जिनिंग कारखान्याच्या फाटकातून निघून पेट्रोल पंप ओलांडून पार खेमसिंगच्या दुकानापर्यंत आली होती. माणसं गाडीखालीच जेवत, गाडीखालीच दाढी करत, आणि गाडीखालीच एकमेकांच्या सोयरिकी जमवत. रविवारी तर मोजमाप बंद. दिवसभर करण्यासारखं काही नाही, पाहण्यासारखं त्याहून नाही. अशा रविवारी सकाळी दहा वाजता खुद्द ग्रेडर साहेब पोराच्या मारुतीतून रांगेच्या शेपटाशी उतरले. वस्तरा धरलेले हात जागच्या जागी थांबले.

खेमसिंगचं दुकान म्हणजे एक टिनाचं शेड. लग्नाला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे आणि गाड्यांना टेप बसवायचे, असा त्याचा दुहेरी धंदा. तो जवळच्याच तांड्यावरचा. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ वाहत होते, मी आवाज वाहतो, असं तो गिऱ्हाइकाला चहाच्या आधी सांगत असे. वीज नेहमीप्रमाणे गेलेली होती. खेमसिंगनं ट्रॅक्टरची बॅटरी ओढून आणली आणि बाकावर तीन डबे मांडले: आठ इंची, दहा इंची आणि बारा इंची.

"साहेब, डोये मिटून बारा इंची बूफर घ्या," तो म्हणाला. "वाजला का शेजारच्या गाडीतल्या मानसाच्या पोटातला चहा हालते."

श्रेयसचे डोळे बारा इंचीवरच होते. पण नीळकंठरावांनी खिशातून वही काढली. रात्री बसून त्यांनी रकाने आखले होते: आकार, वजन, बांधणी, आतला माल.

"आतला माल?" खेमसिंगनं विचारलं.

"वरून सगळेच चांगले दिसतात. गाडीच्या वर काय, सगळेच पांढराशुभ्र कापूस पसरतात. तळाशी काय आहे ते पाहू दे. खोल."

"बूफर खोलून कोनी घेते काय जी?"

"मी घेतो."

खेमसिंगनं श्रेयसकडे पाहिलं. श्रेयसनं आभाळाकडे पाहिलं. शेवटी पेचकस आला आणि बारा इंचीचे स्क्रू निघाले. नीळकंठरावांनी बाह्या सरसावल्या. आधी डब्याच्या तोंडावरचा गोल पडदा तळव्यानं दाबून पाहिला. मग वाकून आतला वास घेतला. मग हात कोपरापर्यंत आत घालून चारी भिंती टकटक वाजवल्या, आणि मग, श्रेयसनं पाहू नये ते पाहिलं, पडद्याच्या कडेचं रबर दातांत धरून चावून बघितलं.

तोवर दुकानापुढं पंचवीसेक माणसं जमली होती. अर्ध्या तोंडाला साबण लावलेला एक म्हातारा सगळ्यांत पुढं होता.

"काय करून राह्यले साहेब?"

"गप. डब्याची ग्रेड काढून राह्यले."

नीळकंठराव ताठ उभे राहिले, आणि केंद्रावरच्या त्याच खणखणीत आवाजात पुकारले, "फरदड!"

गर्दीतून एक हळहळ निघाली. ज्यांनी त्या डब्याला पाच मिनिटांपूर्वी पाहिलंही नव्हतं त्यांनाही तो आपलाच वाटू लागला. आणि मागून एक जण ओरडला, "काहून फरदड? वाजवून त पाह्यलंच नाही!"

हा देवीलाल. खेमसिंगच्याच तांड्यावरचा, काटक, मिशाळ, तोंडाचा फटकळ. शनिवारी संध्याकाळी त्याच्या गाडीला नीळकंठरावांनी फेअर दिलं होतं. त्यानं माल खाली केला नव्हता. बैल वळवून गाडी पुन्हा रांगेच्या शेपटाशी आणून लावली होती. चार-पाच दिवसांनी परत नंबर येईल आणि दुसऱ्यांदा पाहून साहेबांचं मन पालटेल, असा त्याचा हिशेब. असं करणारे दरवर्षी दोन-चार निघत. साहेबांचं मन मात्र कधी पालटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"ही हरकत आहे का?" नीळकंठरावांनी विचारलं.

"हाय हरकत!"

आता दुसरा कुणी शहाणा माणूस असता तर हसून सोडून देता. पण हरकत हा शब्द ऐकला की नीळकंठरावांचा पाठीचा कणा आपोआप नियमात बसे. "हरकत आली की शेतकऱ्यांच्या एका प्रतिनिधीसमोर नमुना पुन्हा काढायचा असा नियम आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "निवडा प्रतिनिधी."

"बाबा," श्रेयस खालच्या आवाजात म्हणाला, "आपण वूफर घ्यायला आलो आहो."

"मग काय, पारख केल्याशिवाय घ्यायचा?"

एकमतानं देवीलालची निवड झाली. साबणवाल्या म्हाताऱ्यानं त्याला पुढं ढकललं. खेमसिंग म्हणाला, मलाही काही बोलू द्या, तर नीळकंठरावांनी त्याला सांगितलं की विकणाऱ्याला इथं मत नसतं. गर्दीतले विकणारे यावर मनापासून हसले. खेमसिंगनं तोंड पाडून तारा जोडल्या आणि तांड्याच्या लग्नातली एक कॅसेट लावली.

बारा इंची वाजला. टिनाचं शेड थरथरलं, बाजूला बांधलेल्या बैलांनी कान टवकारले. देवीलालनं डब्यावर दोन्ही तळवे ठेवले, मान कलती केली, आणि अख्खं गाणं ऐकलं. गर्दी त्याच्याकडे आशेनं पाहत होती. त्यानं हात काढले, मिशीवरून फिरवले.

"गरजते लय," तो म्हणाला. "पन आवाज फुटते. फरदडच हाय. साहेबाचं बरोबर हाय."

लोकांची निराशा झाली. एकानं त्याला घरभेदी म्हटलं. पण नीळकंठरावांनी देवीलालकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं.

आठ इंची तर उचलल्याबरोबर बाद झाला. त्यात वजनच नव्हतं. राहिला दहा इंची. लाकूड जाड, सांधे घट्ट, पडदा दाबला की तेवढाच परत येई. दातांनाही पटला. देवीलालनं वाजवून घेतला आणि मान डोलावली. श्रेयसनंही ऐकला, आणि त्याच्या कपाळावरची आठी सकाळपासून पहिल्यांदा उतरली. नीळकंठरावांनी ते पाहिलं. आता डबा बांधायचा, डिकीत ठेवायचा आणि पोराच्या तोंडाकडे पाहायचं, एवढंच राहिलं होतं. पण वहीतला चौथा रकाना मोकळा होता आणि मोकळा रकाना त्यांना कधी झोप लागू देत नसे. "आतला माल," ते म्हणाले, स्क्रू काढायला लावले आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

हाताला काहीतरी मऊ लागलं. त्यांनी मूठभर ओढून बाहेर काढलं. पांढरं, फुगीर, चमकणारं.

"हे काय आहे?"

"रुई जी. आवाज खोल याले पायजे म्हनून कंपनीच भरते."

नीळकंठरावांनी चिमटीत धरून ओढलं. धागा ओढला गेला, ओढला गेला, आणि तुटेचना. काळ्या मांडीवर ठेवला तर त्याला ना लांबी ना मूळ. त्यांनी वास घेतला. मग खेमसिंगकडून काडेपेटी मागितली आणि एक झुबका पेटवला. तो जळून राख झाला नाही. आकसून त्याची काळी टणक गोळी झाली आणि प्लॅस्टिकचा घाण वास सुटला.

"पॉलिस्टर!" नीळकंठराव ओरडले. केंद्रावर गोण्यांखाली दगड सापडले होते तेव्हाही ते असे ओरडले नव्हते. "अरे, इथून पेट्रोल पंपापर्यंत कापूस उन्हात उभा आहे. कुणी विचारत नाही. आणि हे लोक डब्यात पॉलिस्टर भरून राहिले? यवतमाळ जिल्ह्यात विकायला आणता आणि आत पॉलिस्टर?"

"म्या नाही भरलं जी," खेमसिंग म्हणाला.

"काढ सगळं बाहेर. माझ्या पोराच्या गाडीत हे जाणार नाही. कापूस भरू. कापूस आणा!"

हे शब्द त्या रांगेला दुसऱ्यांदा ऐकवायची गरजच नव्हती. सगळ्यांत जवळची गाडी देवीलालची होती, पंधरा पावलांवर. तो धावत गेला आणि कवेत मावेल एवढा कापूस छातीशी धरून आला. नीळकंठरावांचा हात आपसूक पुढं झाला. त्यांनी मधोमध बोटं घातली, बोंडातून निघालेला एक झुबका घेतला, चिमटीत धरून ओढला. धागा लांब, सरळ, रेशमासारखा मांडीवर पडला. सरकी दाताखाली कट्कन फुटली. डोकं अजून पॉलिस्टरवर तापलेलं होतं, आणि तोंडानं आपलं रोजचं काम केलं.

"सुपर!"

कॅसेट संपून नुसती घरघरत होती. ती खेमसिंगनं बंद केली.

"साहेब," देवीलाल हळू म्हणाला. त्याच्या बोलण्यातला फटकळपणा कुठं गेला होता कोण जाणे. "काल हाच होता. हाच गाडा. फेअर म्हनलं होतं तुमी."

नीळकंठरावांच्या हातातला कापूस एकदम जड झाला. "काल ओलावा होता," ते म्हणाले.

"काल बी कटकन फुटली होती सरकी. म्या ऐकलं."

"संध्याकाळ होती. उजेड कमी होता."

"पाच वाजले होते जी."

नीळकंठराव आणखी एक कारण शोधत होते आणि ते त्यांना सापडलंही होतं, वरच्या थराबद्दल काहीतरी. पण श्रेयस त्यांच्याकडे पाहत होता. पोरं एरवी बापाकडे कुठं पाहतात? आज मात्र तो पाहत होता, डब्याकडे नाही, गाडीकडे नाही. त्या पोराच्या तोंडून आज एक शब्द ऐकायचा म्हणून हा सगळा खटाटोप केलेला, आणि आता त्याच्यापुढं खोटं बोलायचं?

"एकविसावी गाडी होती," ते म्हणाले.

"म्हंजे?" देवीलालनं विचारलं.

"दिवसाला वीस गाड्या सुपर. त्याच्या वर निघू द्यायच्या नाहीत. लिहून नाही दिलेलं. वरून तोंडी सांगितलं आहे. काल तुमची एकविसावी होती."

गर्दीत खळबळ झाली. साबणवाला म्हातारा मागं वळून बोटांवर काहीतरी मोजू लागला, बहुधा स्वतःच्या गाडीचा नंबर. श्रेयसनं मात्र शांतपणे विचारलं, "वीस झाल्या की एकविसावा कापूस खराब होते काय, बाबा?"

नीळकंठराव बाकावर बसले. त्यांनी वही उघडली, 'आतला माल' या रकान्यात लिहिलं: देवीलाल यांचा कापूस, सुपर. खाली सही केली, तारीख घातली, पान फाडलं आणि देवीलालच्या हातात दिलं. "नंबर आला की हे दाखवा. मी नाही म्हटलं तर ह्याला घेऊन या." त्यांनी श्रेयसकडे बोट केलं. "हा साक्षीला होता."

देवीलालनं कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि पागोट्यात खोचला. त्यानं आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

मग रांग उठली. जो तो आपल्या गाडीकडे पळाला आणि मूठभर कापूस घेऊन आला. आमचंही पाहा, आमचंही पाहा. नीळकंठराव म्हणाले, आज सुटी आहे, फक्त वूफरपुरतं पाहतो. पण बाकावर बसल्या बसल्या त्यांनी एकेकाचा धागा ओढायला घेतला, आणि श्रेयस शेजारी उभं राहून वहीत नावं लिहू लागला. सतरा जण झाले. सहा सुपर, दहा फेअर, एक फरदड. फरदडवाला म्हणाला, मलेबी तसंच वाटलं होतं, आणि तंबाखू मळत बाजूला झाला. वीस-एकवीस कुणी मोजलं नाही.

आता अडचण अशी की कापसात सरकी असते, आणि सरकीसकट तो डब्यात भरला तर खुळखुळा वाजायचा. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातले सतरा कापूस उत्पादक भर रस्त्यात मांडी घालून बसले आणि एका मारुतीच्या वूफरसाठी हातानं सरकी काढू लागले. जाणाऱ्या एसटीच्या खिडक्यांतून माणसं माना काढून पाहत होती. मोर्चा म्हणावा तर घोषणा नाहीत, श्राद्ध म्हणावं तर भटजी नाही. एकानं एसटीतून ओरडून विचारलं, "काय चालू हाय?" साबणवाला म्हातारा, ज्याचा साबण एव्हाना वाळून गेला होता, तोऱ्यात म्हणाला, "बूफर भरनं चालू हाय!"

नीळकंठरावांचं म्हणणं, फक्त देवीलालचा भरू. पण ते कोण ऐकणार? प्रत्येकाला आपली मूठ आत हवी होती, फरदडवाल्यालासुद्धा. खेमसिंग ओरडत होता की इतकं ठासून भरलं तर आवाजाले जागाच राहनार नाही, पण त्याला मत नव्हतं. शेवटी दोघांनी गुडघा देऊन पडदा आत दाबला, स्क्रू बसले, डबा डिकीत चढला, तारा जोडल्या गेल्या.

श्रेयस गाडीत बसला. दारं लावली. बाहेर सगळे अर्धगोल करून उभे राहिले, आणि नीळकंठराव त्यांच्यात देवीलालच्या शेजारी. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना म्हणून त्यांनी ते मागं बांधले.

गाणं सुरू झालं. धप. धप. धप. अंगणात कुणीतरी गादी बडवत असल्यासारखा आवाज, आणि त्याच्या मागं, फार बारीक, राहून गेलेली एक सरकी खुळखुळत होती. श्रेयस डोळे मिटून ऐकत होता. गाणं संपलं. त्यानं काच खाली केली, बापाकडे पाहिलं. नीळकंठरावांना एका क्षणासाठी वाटलं, पोरगा दया करेल. म्हणेल तो शब्द. काय जातं त्याचं?

"फेअर," श्रेयस म्हणाला.

किती लहान शब्द, आणि तो असा लागतो? बावीस वर्षांत नीळकंठरावांनी तो हजारो वेळा पुकारला होता, जांभई देताना, घड्याळ बघताना, चहाच्या दोन घोटांच्या मध्ये. ऐकणाऱ्याकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं नसतंच, पाहिलं की काम होत नाही. आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांना स्वतःला ओळखू आलं नाही, पण भोवतीच्या प्रत्येक माणसाला आलं.

"पुन्हा एकदा पाहा ना," ते म्हणाले.

देवीलालला हसू फुटलं आणि मग सगळी गर्दीच हसली. श्रेयस हसला नाही. तो खाली उतरला, डिकीशी गेला, खेमसिंगकडून पेचकस मागून घेतला आणि पडदा उघडला. बाह्या वर केल्या. हात कोपरापर्यंत आत घातला, वरवर नाही, पार तळापर्यंत, आणि दोन मोठ्या मुठी बाहेर काढल्या. राहिलेली सरकी शोधून काढली. पुन्हा आत चाचपलं, पुन्हा एक मूठ काढली. पडदा लावला, गाडीत बसला आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. पूर्ण ऐकलं. मग डब्यावर हात ठेवून, मग मागच्या सीटवर बसून, असं दोन्हीकडून ऐकलं. उन्हात उभे असलेल्यांपैकी कुणालाच घाई नव्हती.

"पयल्यापेक्षा बरा आहे, बाबा," शेवटी तो म्हणाला. "पण फेअरच."

नीळकंठरावांनी मान हलवली. या वेळी लागलं नाही. म्हणजे लागलं, पण निराळं. पोरानं हात तळापर्यंत घातला होता.

"बांध," ते खेमसिंगला म्हणाले. "हाच घेतो."

"पोट्टं फेअर म्हनते त..."

"फेअरच आहे तो. त्यानं नीट पाहून सांगितलं."

निघताना श्रेयसनं त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं, पण नीळकंठराव मागच्या सीटवर जाऊन बसले, डिकीला पाठ लावून. गाडी रांगेच्या कडेकडेनं हळू चालली. एकेका गाडीवरची माणसं वाकून आत पाहत होती आणि नीळकंठरावही काचेतून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. मागून पाठीत धप धप बसत होतं. आवाज थोडा बसका होता, दबलेला होता, त्यांना तो फार आवडला. पेट्रोल पंप आला तेव्हा त्यांनी भावाच्या पाटीकडे पाहिलंही नाही.